बुडालेल्या दिवसाचा पगार

रास अल खैरमध्ये कामाचा एक दिवस बुडाला म्हणजे काय होते, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. जुबैलच्या उत्तरेला आखाताच्या काठावर वसवलेली ही उद्योगनगरी रात्रंदिवस चालते. झबीराच्या खाणीतले बॉक्साइट रेल्वेने इथे येते आणि त्याचे अ‍ॅल्युमिनियम होते. २०१४ पासूनचा पाण्याचा प्रकल्प समुद्राचे पाणी गोडे करून थेट रियाधपर्यंत पोचवतो. शुक्रवार आहे म्हणून भट्टी थंड होत नाही. त्यामुळे शुक्रवारी सकाळी क्रिकेटचा सामना ठरला की आधी ठरते ती ड्यूटी आणि मग संघ. रात्रपाळी करून कोण तसाच मैदानावर येणार, कुणाची पाळी कोण घेणार, ओव्हरटाइमवर पाणी कोण सोडणार, हे सगळे मिटल्यावर मग सलामीला कोण, हा प्रश्न.

खेळाच्या इतिहासाची पुस्तके या हिशेबाबद्दल फारशी बोलत नाहीत. त्यांत धावा असतात, बळी असतात, करंडक असतात. खेळाडूचा त्या दिवशीचा रोज कुणी भरला, हे क्वचितच सापडते. पण जगातला निदान एक खेळ निव्वळ या प्रश्नातून जन्माला आला.

तो खेळ म्हणजे रग्बी लीग. इंग्लंडच्या उत्तरेकडचे, यॉर्कशायर आणि लँकेशायरचे रग्बीपटू बहुतेक खाणीत किंवा गिरणीत कामाला होते. शनिवारी अर्धा दिवस काम असे. सामना दूरच्या गावी असला की तो अर्धा दिवस बुडे, म्हणजे खाडा पडे, आणि मालक पैसे कापे. क्लबांचे म्हणणे एवढेच होते की खाड्याची भरपाई म्हणून सहा शिलिंग देऊ द्या. १८९३ साली रग्बी युनियनच्या लंडनच्या सभेत हा ठराव आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. ज्यांना शनिवारी कामावर जायचेच नसते अशांची तिथे चलती होती. खेळ खेळासाठी खेळावा, पैशाचा स्पर्श झाला की तो बाटतो, असे त्यांचे तत्त्व. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे त्यांनी नियमही बदलले आणि १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले. भांडण सहा शिलिंगांचे होते, त्यातून एक नवाच खेळ उभा राहिला.

त्याच सुमारास पुण्यात एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा महिना चार रुपयांवर गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवत होता. बाळू पालवणकर त्याचे नाव, आणि या व्याख्यानाचा मुख्य विषय तोच.

घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, चर्मकार समाजातले. बाळूंचा जन्म धारवाडचा, वाढ पुण्याची. वडील लष्कराच्या चाकरीत होते, त्यामुळे साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू मुलांच्या हाती लागले आणि बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल या चारही भावांना क्रिकेटचे वेड लागले. बाळूंची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्लबात होती. मैदान झाडायचे, रोलर ओढायचा, कधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे; पगार तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते पूना क्लबात गेले आणि पगारात एका रुपयाची भर पडली. तिथे ट्रॉस नावाच्या एका गोऱ्याने त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करायला लावले. कॅप्टन बार्टन नावाचा एक डावखुरा गोलंदाज क्लबात होता. त्याची सहज, लयदार शैली पाहून पाहून बाळूंनी आपली डावखुरी फिरकी घडवली.

क्लबातला सर्वांत मोठा फलंदाज जे. जी. ग्रेग. पुढे हॅम्पशायरकडून खेळलेला हा लष्करी अधिकारी ठरल्या वेळेच्या तासभर आधी मैदानावर हजर होई आणि बाळूंकडून सराव करून घेई. बाद केलेस तर दर वेळी आठ आणे, असा त्याचा वायदा होता म्हणतात. महिन्यातून आठ वेळा ग्रेगला बाद केले की पगार दुप्पट. हा किस्सा साहेबाचे औदार्य म्हणून सांगितला जातो. खरे तर तो चोख मजुरीचा व्यवहार होता, आणि ग्रेगला त्यात वावगे वाटत नव्हते ही त्याची जमेची बाजू. मात्र त्या सगळ्या वर्षांत बाळूंच्या हाती नेटमध्ये बॅट कुणी दिली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते नोकराने करायचे. फलंदाजी साहेबांची. इंग्लंडातही थोडेफार तेच होते. पैसे घेऊन खेळणारे व्यावसायिक आणि हौशी ‘जंटलमन’ एकाच संघातून खेळत, पण मैदानावर वेगवेगळ्या दारांनी उतरत. ही वर्गवारी तिथे अधिकृतपणे १९६२ साली संपली.

पुण्यातल्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज हाताशी होता. अडचण जातीची. बराच खल झाला, आणि मग बाळूंना संघात घेतले. चेंडू एकच असल्याने मैदानावर विटाळाचा प्रश्न कुणी काढला नाही. बाळूंच्या हातचा चेंडू यष्टिरक्षकाकडे, तिथून कर्णधाराकडे, पुन्हा बाळूंकडे. चहापानाला खेळ थांबला की मात्र सगळे बदलायचे. इतर मंडळी पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत. बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यातून. पिऊन झाले की ते भांडे फेकून द्यायचे. जेवण वेगळ्या टेबलावर, वेगळ्या ताटात. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते आणून देणारा माणूसही त्यांच्यासारखाच अस्पृश्य मानलेला.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी झालेला सामना मात्र ऐकण्यासारखा आहे. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी कित्येक दिवस रोलर फिरवून खेळपट्टी गुळगुळीत करून ठेवली होती. बाळूंनी सात बळी घेतले. रोलर काय करू शकतो आणि काय नाही, हे त्यांच्याइतके तिथे कुणाला ठाऊक असणार! पुण्यात परतल्यावर जाहीर सत्कार झाले. एकात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना हार घातला, दुसऱ्यात टिळकांनी. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावरून ज्या दोघांच्या मागे उभे पुणे दोन तट पाडून भांडत होते, त्या दोघांचे या एका गळ्याबाबत एकमत झाले.

पुढे बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्याला काही सभासदांचा विरोध होता. कर्णधार कीर्तिकरांनी तो मोडून काढला. काही काळ लष्करात काढल्यावर बाळूंना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीत, नोकरी मिळाली. ते रेल्वेच्या संघातूनही खेळत. हडर्सफील्डच्या क्लबांना जे सहा शिलिंगांनी साधायचे होते, ते आपल्याकडे असे नोकरीने साधले. खाड्याचे पैसे वेगळे मोजण्यापेक्षा खेळाडूच पगारावर ठेवायचा. मुंबईत ही पद्धत पुढे चांगली रुजली. गिरण्या, बँका, रेल्वे, टपाल यांचे संघ, टाइम्स शील्डसारख्या कचेऱ्यांच्या स्पर्धा, कबड्डीतले व्यावसायिक गट ही सगळी त्याच वाटेवरची ठाणी. इंग्रजांच्या हौशी-व्यावसायिक वादापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा होता. एक गोम मात्र त्यात राहिली: पगार देणारा मालक, म्हणून खेळाडूला सोडायचे की नाही, हेही मालकच ठरवणार.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू आणि युरोपियन समोरासमोर आले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंचे आठ बळी. शिवरामही संघात होते. पुढच्या वर्षी पुन्हा विजय. सुधारकी वर्तमानपत्रांनी विजयाइतकेच महत्त्व या दोन भावांच्या संघात असण्याला दिले. मुंबईत त्यांचे चहापाणी, जेवणखाण आता संघाबरोबर होत होते. पुण्याचे मातीचे भांडे मागे पडले होते. जिंकणाऱ्या गोलंदाजाला वेगळ्या टेबलावर बसवणे मुंबईला परवडणारे नव्हते, असेही कुणी म्हणेल, आणि त्याचे फार चुकणार नाही.

नेमक्या याच काळात तिकडे न्यूझीलंडमध्ये अल्बर्ट बास्करव्हिल नावाच्या तरुणाने एक विलक्षण उद्योग आरंभला. जन्म १८८३ चा. वेलिंग्टनच्या टपाल खात्यात कारकून, ओरिएंटल क्लबाचा रग्बी खेळाडू, आणि रग्बीच्या तंत्रावर चोविसाव्या वर्षी पुस्तक लिहिणारा अभ्यासू माणूस. १९०५ मध्ये न्यूझीलंडच्या संघाने ब्रिटनचा दौरा गाजवला. हजारो पौंडांचा नफा संघटनेच्या तिजोरीत गेला आणि खेळाडूंच्या हाती पडला रोजचा तीन शिलिंग भत्ता. महिनोन् महिने नोकऱ्या सोडून गेलेले लोक तंगीत परतले. बास्करव्हिलने उत्तर इंग्लंडच्या बंडखोर संघटनेला पत्र लिहिले: आम्ही संघ घेऊन येतो, उत्पन्नाची हमी द्या.

त्याची खरी कल्पकता याच्या पुढे आहे. प्रत्येक खेळाडूने पदरचे पन्नास पौंड घालायचे आणि नफा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, अशी त्याची योजना. कारकुनाच्या मिळकतीत पन्नास पौंड ही किरकोळ रक्कम नव्हती. पण त्यामुळे दौरा खेळाडूंच्या मालकीचा झाला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ती सहकारी संस्था होती आणि बास्करव्हिल तिचा चिटणीस. न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. संघ सिडनीत पोचला तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी न्यूझीलंडच्या रग्बी संघाच्या ‘ऑल ब्लॅक्स’ या नावाच्या धर्तीवर ‘ऑल गोल्ड्स’ असे हिणवून बारसे केले. खेळाडूंनी ते नाव मिरवले. सिडनीचा डॅली मेसेंजर हा तेव्हाचा सर्वांत मोठा खेळाडूही त्यांना येऊन मिळाला.

गंमत अशी की हा खेळ त्यांतल्या बहुतेकांनी आधी पाहिलेलाही नव्हता. १ ऑक्टोबर १९०७ ला ते लीड्सला उतरले, आठवडाभरात नियम शिकले आणि ९ तारखेला ब्रॅम्लीला २५–६ असे हरवले. ब्रिटनमध्ये ३५ सामने झाले, १९ जिंकले. पहिली कसोटी लीड्सला हरले, पण चेल्सी आणि चेल्टनहॅमच्या दोन्ही कसोट्या जिंकून मालिका खिशात घातली. बास्करव्हिल स्वतः फार थोडे सामने खेळला. त्याचा वेळ हिशेब, तिकिटे, मुक्काम आणि पत्रव्यवहार यांत जात होता. संघ चालवणाऱ्याला संघात जागा उरत नाही, हे मंडळ चालवणाऱ्या कुणालाही कळेल.

परतीच्या वाटेवर ९ मे १९०८ ला सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या कसोटीत तो उतरला. न्यूझीलंडने ती ११–१० अशी जिंकली आणि त्याने एक ट्रायही केला. त्याची ती एकमेव कसोटी. ब्रिस्बेनला जाताना बोटीवर आजारी पडला आणि २० मे रोजी न्यूमोनियाने गेला. वय २५. सोबत्यांनी त्याचा देह वेलिंग्टनला आणला. १३ जूनला त्यांनीच आपसांत दोन गट पाडून ॲथलेटिक पार्कवर सामना भरवला आणि त्याचे उत्पन्न त्याच्या आईला दिले. न्यूझीलंडच्या भूमीवरचा रग्बी लीगचा तो पहिला सामना.

१९११ साली बाळूंच्या वाट्याला आलेला इंग्लंडचा दौरा याच्या अगदी उलट्या टोकाचा होता. पैसा संस्थानिकांचा आणि धनिकांचा, कर्णधार विशीतले पतियाळाचे महाराज. महाराजांनी मोजकेच सामने खेळले आणि उरलेला वेळ दरबारी मेजवान्यांना दिला. संघातला उत्तम फलंदाज केकी मिस्त्री हा महाराजांचा चिटणीस, त्यामुळे तोही बहुतेक त्यांच्याच दिमतीला. उरलेल्या संघाने २३ सामने खेळले. सहा जिंकले, पंधरा हरले. त्यात दुखऱ्या खांद्याने पस्तिशीतल्या बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ. इंग्लिश समीक्षक म्हणाले की कोणत्याही परगण्याने हा गोलंदाज आनंदाने घेतला असता. तिथे असते तर बाळूंना व्यावसायिक म्हणून रीतसर मोबदला मिळाला असता आणि त्यांनी वेगळ्या दाराने मैदानात उतरायचे असते.

मुंबईत पैशाचा प्रश्न रेल्वेने आणि पंगतीचा प्रश्न जिमखान्याने, आपापल्या सोयीने का होईना, सोडवला होता. राहिला होता तो हुकमाचा. संघातला सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत जाणता खेळाडू कर्णधार का होत नाही, असे लोक १९१० नंतर दर मोसमात विचारू लागले. १९१३ मध्ये मु. द. पै कर्णधार झाले तेव्हा सत्काराला उत्तर देताना ते स्वतःच म्हणाले की हा मान बाळूंचा होता. पै दिलदार गृहस्थ. निवड करणाऱ्यांना मात्र ते वाक्य ऐकू गेले नाही. रोलर ओढणारा हात गोलंदाजीला चालला, मग पंगतीलाही चालला. त्याच हाताने क्षेत्ररचना लावावी, ब्राह्मण फलंदाजाला सीमेवर धाडावे, हे अजून पचत नव्हते.

डिसेंबर १९२० मध्ये हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांच्या चौरंगी सामन्यांत गळू फुटले. बाळूंना संघातून वगळले. पै आजारी पडले होते. अनुभवाने आणि कामगिरीने पुढची पाळी विठ्ठलची, पण कर्णधारपद मिळाले पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधर पुढे महाराष्ट्राचे क्रिकेटमहर्षी झाले, १९३९-४० आणि १९४०-४१ असे दोनदा रणजी करंडक त्यांनी महाराष्ट्राला मिळवून दिला; पण तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे, विठ्ठलच्या मानाने नवखे होते. विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. त्यांनी वर्तमानपत्रात निवेदन दिले: आमच्याहून सरस माणसाच्या हाताखाली खेळायला हरकत नाही, पण जातीमुळे डावलणार असाल तर आम्ही खेळणार नाही. मुंबईतला तो गिरण्यांच्या संपांचा काळ. पालवणकर बंधूंनी केला तोही संपच होता, फरक इतकाच की त्यांची मागणी पगाराची नव्हती.

संपाला यश आले ते अर्धेच. पुढच्या सामन्याला पै बरे होऊन कर्णधार म्हणून परतले, बाळू उपकर्णधार, दोघे भाऊ संघात. सामना चालू असताना पै काही वेळ मैदान सोडून बाहेर गेले आणि तेवढा वेळ सूत्रे बाळूंच्या हाती आली. पैंनी हे जाणूनबुजून केले असावे. चव्वेचाळीसाव्या वर्षी, जवळपास चोवीस वर्षे मुंबईच्या क्रिकेटला दिल्यावर, बाळूंना मिळालेले कर्णधारपद ते एवढेच. १९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाले, हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. विठ्ठलनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. रामचंद्र गुहांच्या २००२ च्या इंग्रजी पुस्तकाने पालवणकरांची कथा जगापुढे नेली, तिचा मोठा आधार हे मराठी पुस्तक आहे.

बाळूंची पुढची वाट राजकारणातून गेली. तरुण आंबेडकरांना एकेकाळी त्यांचा अभिमान वाटे. पण बाळू काँग्रेस आणि गांधींच्या बाजूला झुकले होते. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधींचे उपोषण चालू असताना झालेल्या वाटाघाटींत ते होते आणि पुणे कराराखाली त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ते राजी नव्हते असे सांगतात, पण उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. बाळूंच्या नावाचा असा वापर करून घेण्याऐवजी काँग्रेसला त्यांना एखादी बिनधोक जागा देता आली असती. क्रिकेटमध्ये ज्यांनी त्यांना कर्णधार केले नाही, त्याच वर्गाने इथे त्यांना सर्वांत अवघड गोलंदाजीपुढे सलामीला पाठवले.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. त्यांच्या ऐन भराच्या वर्षांतले पुण्याचे सामने या आकड्यात धरलेले नाहीत. रग्बी युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाचा नियम ऑगस्ट १९९५ मध्ये उठवला, हडर्सफील्डच्या सभेला शंभर वर्षे भरली त्या महिन्यात. भारतात अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १ जून १९५५ ला अमलात आला. उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी एखाद्याला अस्पृश्य म्हणून वापरू न देणे त्या दिवसापासून शिक्षेला पात्र ठरले. बाळू तेव्हा मुंबईतच होते. ४ जुलैला त्यांचे निधन झाले.